निदान एक केस

गेल्या श्रावणात आमच्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, एक कुजकं लाकूड राहायला आलं. वीतभर लांब, बोटाने दाबलं तर खचेल असं, आणि अंगावर पिवळट अळंब्यांचे पापुद्रे. बरणीच्या तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं, वर रबर. भाचीने जाताना बजावलं होतं, "मामा, ऊन लागू द्यायचं नाही, वाळू द्यायचं नाही, आणि फडकं काढायचं नाही. आत काही उडताना दिसलं की लगेच मला फोन करा."

आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चिलटं हाकलण्यात जन्म गेला माझा, आन् ही पोरगी ती घरात पाळाय लावती."

आईचं चूक नव्हतं. भाची पीएचडी करते ती चिलटांवरच. इंग्रजीत त्यांना 'फंगस नॅट' म्हणतात, अळंबीवर नाहीतर तिच्या आसपासच्या कुजक्या ओलीत वाढणारी. मराठीत सांगायचं झालं की तिची पंचाईत होते. पिकलेल्या केळ्यावर घोंगावते ती फळमाशी, मोरीच्या भिंतीवर चिकटून बसते ती केसाळ, पतंगासारखी पसरट माशी, आणि तुळशीच्या कुंडीला पाणी जास्त झालं की मातीवरून भुरभुरत उठते ती ही. तिघींची कुळं वेगळी, जेवण वेगळं, चालही वेगळी. आपण तिघींना चिलट म्हणतो आणि हात झटकतो. तुळशीतल्या त्या काळ्या चिलटाचं कूळ सायरिडी. सायरा या ग्रीक शब्दाचा अर्थ सावलीतली. बरणीतली जी भाचीला हवी होती ती तिची चुलत बहीण, मायसेटोफिलिडी कुळातली. मायकेस म्हणजे अळंबी, फिलोस म्हणजे प्रेम करणारा. इतकं गोड नाव असलेला प्राणी आईने आयुष्यभर उदबत्तीने पळवून लावला.

मी चित्रकलेचा शिक्षक. साताऱ्यातल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं बसवली. स्थिरचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र. किडे कधी काढले नाहीत. बेंदराला मातीच्या बैलांचे डोळे रंगवले, तेवढाच माझा प्राणिशास्त्राशी संबंध.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी चहा करताना फडक्याच्या आतल्या बाजूला काहीतरी लुकलुकलं. मी भिंग घेऊन बसलो. तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, तपकिरी, पाठीला चक्क कुबड. डोकं कुबडाखाली असं दडवलेलं, की शेवटच्या बाकावरचा मुलगा गृहपाठ विचारल्यावर दडवतो. पाय मात्र अंगाच्या मानाने फार लांब, आणि पायांच्या मुळाशीच मांडीसारखे जाड, लांब सांधे. त्याने एकदम उडी मारली. उडाला नाही, उडी मारली. मी दचकून मागे झालो तर चहा ऊतू गेला. आई म्हणाली, "झालं का बारसं?"

बारसं व्हायला अजून फार वेळ आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

हे लाकूड आलं होतं कासच्या पुढून, बामणोलीकडे उतरणाऱ्या वाटेच्या कडेच्या झाडीतून. भाचीकडे वनखात्याची रीतसर परवानगी होती. ती मिळवायला लागलेल्या खेपांवर तिने वेगळा लेख लिहावा. यवतेश्वरचा घाट चढून लोक कासला जातात ते पठारावरची फुलं बघायला, तीही भाद्रपदाच्या आसपास. ही मुलगी आषाढातल्या मुसळधार पावसात, अंगात जळवा घेऊन, फुलांकडे पाठ करून पडक्या ओंडक्यांखाली माना घालत होती. मी एकदाच सोबत गेलो. छत्री धरायला.

त्या दिवशी तिने मला एक गोष्ट दाखवली, ती विसरता येत नाही. वाटेच्या कडेला सापकांदा उभा होता, पांढरा, फणा काढल्यासारखा. लहानपणापासून बघत आलोय. ती म्हणाली, "मामा, याचं आणि माझ्या चिलटांचं जुनं वैर आहे." सापकांद्याच्या जपानातल्या भाऊबंदांवर बारकाईने काम झालंय. त्यांच्यापैकी बरेचजण या अळंबीच्या चिलटांकडून परागीभवन करून घेतात. चिलट वासाला भुलून फण्यात शिरतं, आतल्या गुळगुळीत भिंतीवरून घसरतं आणि तळाशी पडतं. झाड नर असेल तर फण्याच्या बुडाशी एक फट असते. चिलट परागाने माखून तिथून बाहेर पडतं. मग ते दुसऱ्या फण्यात शिरतं. तो मादीचा असेल तर बुडाला फट नसते. चिलट धडपडतं, पराग स्त्रीकेसरांना लागतो, आणि ते तिथेच मरतं. झाडाचं काम झालेलं असतं. शिवाय हेच झाड कंद लहान असताना नर असतं आणि कंद पोसला की पुढच्या एखाद्या वर्षी मादी होतं. म्हणजे जे झाड यंदा वाट देतं तेच दोन-तीन वर्षांनी वाट बंद करतं. मी पावसात उभा राहून त्या पांढऱ्या फण्यात डोकावलो. आत फक्त पाणी साचलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती परत आली, तेव्हा तिच्या पिशवीत फराळाच्या डब्याशेजारी एक छोटी काचेची वाटी होती. त्या बरणीतून निघालेल्या नरांपैकी चार तिला कुठल्याच माहीत असलेल्या जातीत बसवता येत नव्हते. "मामा, चित्रं तुम्ही काढाल?"

मी विचारलं, फोटो का नाही? आता तर मोबाइलमध्ये सगळं येतं.

"सगळं येतं म्हणूनच कळत नाही," ती म्हणाली.

कशाचं चित्र, हे तिने मग जरा चाचरत सांगितलं. या चिलटांच्या जाती बाहेरून, रंगरूपावरून ओळखणं बहुतेक वेळा अशक्य असतं. पंखावरच्या शिरा, मधली बेचकीसारखी फुटणारी शीर, यावरून फार तर वंशापर्यंत पोहोचता येतं. जात ठरते ती नराच्या पोटाच्या टोकावरून, म्हणजे जननेंद्रियांवरून. पोटाचं टोक कापायचं, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवायचं. मांस विरघळतं, कायटिनचा सांगाडा तेवढा राहतो. मग धुऊन ग्लिसरीनमध्ये. हे सगळं सुईच्या टोकाने, श्वास रोखून. एक शिंक आली की नवीन जात टेबलाखाली.

कुलूप-किल्लीची कल्पना जुनी आहे: प्रत्येक जातीच्या नराची किल्ली वेगळी, म्हणून दुसऱ्या कुलपात बसत नाही. १९८५ साली विल्यम एबरहार्ड यांनी तिला जोरदार धक्का दिला. त्यांचं म्हणणं, हे कुलूप नव्हे, मादीची निवड आहे. नराच्या अवयवाचा आकार म्हणजे जवळपास प्रियाराधन. वाद अजून मिटलेला नाही. मला चित्रापुरतं एवढं पुरेसं होतं, की जे आकार मी काढणार ते कुणाच्या तरी पसंतीस उतरलेले आहेत.

गावातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात सुट्टीतले आठ दिवस आम्हाला एक खोली मिळाली. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा लावलेला. हे फार गमतीचं यंत्र आहे. एका डोळ्याला एकाच वेळी कीटकही दिसतो आणि कागदावर चालणारं आपल्या पेन्सिलीचं टोकही. किड्याच्या अंगावरून आपणच चालतोय असं वाटतं. पहिल्या दिवशी मला मळमळलं. दुसऱ्या दिवशी सवय झाली. तिसऱ्या दिवशी मी त्या जागी राहायलाच गेलो.

काय होतं तिथे? मधोमध एक बशीसारखा भाग, दोन्ही बाजूंनी त्याला कवटाळणाऱ्या दोन जाड भिंती, आणि त्या भिंतींच्या टोकाला एकेक हलणारा आकडा. गोनोस्टायलस म्हणतात त्याला. आकड्याच्या आतल्या बाजूला दातऱ्यांची ओळ. बाहेरच्या बाजूला राठ केस, काही लांब, काही आखूड, प्रत्येक आपापल्या खळगीत रोवलेला. संध्याकाळी कच्चं चित्र घरी आणलं तेव्हा आईने चष्मा लावून नीट पाहिलं. "सांडशी हाय की ही," ती म्हणाली. तेव्हापासून आमच्यात गोनोस्टायलसला सांडशीच म्हणतात. भाचीच्या वहीतही एके ठिकाणी चुकून तसं लिहिलेलं मी पाहिलंय.

चौथ्या दिवशी मी पक्कं चित्र केलं. बारीक निबाचं पेन, ट्रेसिंग पेपर, छाया टिंबांनी. एवढं सुबक काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. तिच्यापुढे ठेवलं आणि ऐटीत चहा मागवला.

तिने बराच वेळ पाहिलं. मग सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मग पुन्हा चित्रात.

"मामा, हा केस कुठून आणला?"

उजव्या सांडशीच्या टोकाजवळ मी एक केस काढला होता, थोडा वळवून. डावीकडे होता ना तसाच. मुक्तहस्त चित्रात आम्ही पोरांना हेच शिकवतो: मध्ये अक्ष घ्या, अर्धं चित्र काढा, उरलेलं अर्धं त्यावरून उतरवा. तोल साधला पाहिजे. माझ्या हाताने अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने तोल साधला होता.

"तिथे केस नाहीये," ती म्हणाली. "खळगी आहे. केस गळला असेल, पण मला दिसत नाही. तर तिथे फक्त खळगी काढायची."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, एका केसाने काय होतंय? डावीकडे आहे म्हणजे उजवीकडेही असणारच.

ती शांतपणे म्हणाली, "बहुतेक असणारच. पण समजा नसेल, आणि हे असं छापलं गेलं, तर अजून पन्नास वर्षांनी कुणीतरी, कुठल्यातरी देशात, दोन्ही बाजूंना केस असलेलं चिलट शोधत बसेल. त्याला सापडेल ते चिलट आपलं नाही असं ठरवेल आणि त्याला दुसरं नाव देईल. मग एकाच जातीची दोन नावं. ते निस्तरायला आणखी कुणाची तरी पाच वर्षं."

मी तो केस ब्लेडने खरवडला. ट्रेसिंग पेपरवर तिथे अजूनही एक खरखरीत डाग आहे, उजेडात धरला की दिसतो.

त्यानंतर मी काढत होतो ते चित्रच नव्हतं असं म्हणायला हरकत नाही. चित्रकार म्हणून डोळ्याला जे जे लागतं, तोल, लय, कुठेतरी नजर ठरवणारा गडद भाग, ते सगळं एकेक करून सोडावं लागलं. तुटका दात तुटका. सुरकुती सुरकुती. जे दिसतं पण खात्री नाही ते तुटक रेषेने. पोरांना मी नेहमी सांगायचो, नुसतं दिसतं ते काढू नका, बघा. आता एक सव्वीस वर्षांची मुलगी मला तेच सांगत होती, आणि तिचं खरं होतं.

लिहिण्याचंही तसंच. नव्या जातीचं वर्णन म्हणजे काय असतं हे मी पहिल्यांदा वाचलं. डोकं, शृंगिका, त्यांचे सोळा भाग, कोणता भाग कोणत्यापेक्षा किती पट लांब. वक्ष, त्यावरचे केस. पाय. पंखाची लांबी मिलिमीटरमध्ये. एकही विशेषण कौतुकाचं नाही. पानं दोन पानं. पण त्याच्या आधी, सुरुवातीलाच, चार-पाच ओळींचा एक तुकडा असतो. जवळच्या सगळ्या जातींपासून ही नेमकी कशाने वेगळी आहे, एवढंच त्यात सांगायचं. इंग्रजीत त्याला डायग्नोसिस म्हणतात, म्हणजे निदान. मला हा शब्द इतका आवडला. आपल्याकडे निदान म्हणजे रोगाचं, आणि निदान म्हणजे कमीत कमी. निदान एवढं तरी सांगा. त्या चार ओळी दोन्ही अर्थांनी निदान आहेत. भाचीने त्या अकरा वेळा लिहिल्या. सांडशीच्या दातऱ्यांची संख्या त्यात आहे, केसांची जागा आहे. उजव्या बाजूची ती खळगी नाही. तिच्यावर काही ठरत नाही.

आणि वेगळी आहे हे सांगायचं तर आधीच्या सगळ्या माहीत हव्यात. इथे तिची खरी हाडं मोडतात. भारतातल्या या चिलटांवरचं पायाभूत पुस्तक म्हणजे फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया मालेतला १९१२ चा खंड, एन्रिको ब्रुनेटी यांचा. अजूनही उघडावाच लागतो. जुन्या वर्णनांत रंग भरभरून असतो, सांडशीबद्दल मात्र अवाक्षर नाही. मग तो मूळ नमुना जिथे असेल तिथून बघावा लागतो, तिथल्या लोकांना पत्रं लिहावी लागतात. हे ब्रुनेटी व्यवसायाने संगीतकार होते. कोलकात्यात राहून माश्या गोळा करायचे. आणि सायरा, मायसेटोफिला ही दोन्ही नावं १८०३ साली देणारा योहान विल्हेल्म मायगेन, ज्याला माश्यांच्या शास्त्राचा बाप म्हणतात, तो जर्मनीतल्या एका गावात फ्रेंच शिकवून पोट भरत होता. हे कळल्यावर मला त्या खोलीत बसायला थोडी हिंमत आली. एक संगीतवाला, एक भाषेचा मास्तर, एक चित्रकलेचा.

कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "म्हणजे नवीन प्रजातीचा शोध लागला का?" भाचीने मान हलवली, पण घरी आल्यावर चिडली. शाळेच्या पुस्तकात गण, कुल, प्रजाती, जाती असा क्रम आहे. प्रजाती म्हणजे जातीच्या वरची पायरी, वर मी वंश म्हटलं तीच. वर्तमानपत्रवाले प्रत्येक जातीला प्रजाती म्हणतात. "नवीन प्रजाती सापडली असती तर मी फटाके लावले असते," ती म्हणाली. मी म्हटलं, 'जात' लिहायला लोक बिचकत असतील. त्यावर ती काही बोलली नाही.

शोध या शब्दावरही तिचं फारसं प्रेम नाही. २०१२ मध्ये एक अभ्यास छापून आला होता: नमुना पहिल्यांदा गोळा केल्यापासून नवीन जात म्हणून त्याचं वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. एकवीस वर्षं कुठल्यातरी संग्रहालयाच्या कपाटात, अल्कोहोलच्या बाटलीत. माझी भाची त्या मानाने घाईतच आहे. तिचं हस्तलिखित परीक्षकांकडे आहे. नाव ठरलंय, मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध होण्याआधी नाव असं कुठेही टाकलं, तर ते उघडं नाव ठरतं, त्याला नियमांत काही किंमत नसते, उलट घोळ होतो. इतकंच सांगतो की नावात साताऱ्याचा काही संबंध आहे, आणि आईने सुचवलेलं नाव तिने घेतलेलं नाही.

ज्या एका नरावरून मुख्य वर्णन केलं तो आता होलोटाइप. जातीच्या नावाचा आधार तोच. बाकीचे तीन त्याचे साक्षीदार. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तो सरकारने नेमलेल्या संग्रहातच जमा करावा लागतो. कागदाच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकाला चिकटवलेलं चिलट, शेजारी ग्लिसरीनच्या सूक्ष्म कुपीत त्याचं पोटाचं टोक, खाली एकावर एक लेबलं. ती लेबलं बघून मला माझ्या पोरांच्या प्रदर्शनातल्या चिठ्ठ्या आठवल्या: नाव, इयत्ता, तुकडी.

बरणी मी धुवायला काढली ती मार्गशीर्षात. लाकडाचा आता भुगा झाला होता. फडकं सोडणार तोच आईने हात धरला. "थांब रं. त्यो बघ." आतल्या काचेवर एक होतं. कुबड, लांब पाय, मान खाली. इतक्या उशिरा. मी भाचीला फोन लावला, व्हिडिओ दाखवला. तिने पोटाचा आकार पाहिला आणि म्हणाली, "मादी आहे."

मग?

"मग काही नाही. मादीवरून जात सांगता येत नाही, निदान या वंशात तरी. एक पाय काढून डीएनए केला आणि आपल्या नरांशी जुळला तर कळेल, पण ते पैशाचं काम. पुढच्या ग्रँटमध्ये बघू. ठेवा जपून."

आईने हे सगळं ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "व्हय, बाईमाणसाचं नाव कुठं लागतंय कागदाला." आणि भाजी निवडायला बसली.

मी छोटी बाटली घेतली, अल्कोहोल घातलं, ओल्या ब्रशच्या टोकाने चिलट आत सोडलं. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची असते, शाई अल्कोहोलमध्ये उतरते. तारीख घातली. सातारा. कुजकं लाकूड, कास-बामणोली वाट. घरात, लोणच्याच्या बरणीतून. जातीच्या जागी मोकळी रेघ सोडली, आणि 'गोळा केलं' याच्यापुढे आईचं पूर्ण नाव लिहिलं.